अस्वलाची हमी नाही

"अस्वल नक्की मिळेल ना?" हा प्रश्न मी नोकरीत जितक्या वेळा ऐकला, तितका आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानेही "पपई गोड निघेल ना?" हा ऐकला नसेल. भाजीवाला हो म्हणून मोकळा होतो. मला ते कधी जमलं नाही. मी म्हणायचे, "आठवडाभर बसलात तरी दिसेल असं नाही. दिसलं तरी समोरून येईल असं नाही. समोरून आलं तरी तुमचा हात स्थिर राहील असं नाही." पहिल्यांदा हे बोलले तेव्हा पलीकडच्या टेबलावर मालकांनी कॉफीचा कप हवेतच धरून ठेवला होता. पण ते गिऱ्हाईक म्हणालं, "छान, मग माझं नाव लिहून घ्या." त्या दिवसापासून स्वीडनची सगळी टेलिफोन चौकशी माझ्याकडे आली.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तेव्हा हॉलंडमध्ये, न्यूनेन नावाच्या शांत गावात, शिकारीच्या सहली विकत होते.

हे वाक्य महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत उच्चारलं की काय व्हायचं ते सांगते. मोदकाचं ताट हातात असलेली बाई एक पाऊल मागे सरकायची. मग चेहरा सावरून विचारायची, "अगंबाई! आणि घरी खाता पण?" मी कट्टर शाकाहारी. शुक्रवारी ऑफिसात रानडुकराचे सॉसेज भाजले जात तेव्हा मी चीज-ब्रेड घेऊन खिडकीशी बसायचे. मालक विल्यम पूर्वी खाटिक होते. ते मला म्हणत, "मीनल, तू माझ्याकडची सगळ्यात चांगली शिकारी आहेस, फक्त तू मारत नाहीस आणि खात नाहीस." सुरुवातीला मी त्यांना सर म्हणायचे. त्यांनी हात जोडून सांगितलं की सर म्हटलं की मला माझा शाळामास्तर आठवतो, मी विल्यमच बरा. साठीच्या माणसाला एकेरी हाक मारताना माझी जीभ कित्येक महिने अडखळायची.

तिथे पोचले कशी? नवरा मंदार शेजारच्या आयंदहोवन शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आला, मी त्याच्या मागे. माझं शिक्षण प्राणिशास्त्राचं. लग्नाआधी मी विदर्भात एका अभ्यास प्रकल्पात काम करायचे. सकाळी उठून रस्त्यावरची धूळ वाचायची, हे माझं काम. कोण आलं, कुठून आलं, घाईत होतं की रमतगमत, पोट भरलेलं होतं की नाही, हे ठशांवरून नोंदवायचं. हॉलंडला आल्यावर मी पहिल्या रविवारी मंदारला घेऊन हौसेने जंगलात गेले. झाडं शाळेच्या कवायतीसारखी रांगेत उभी. दर थोड्या अंतरावर पाटी, पाटीशेजारी रंगीत खुंट्या: लाल वाट एवढी, निळी वाट तेवढी. वाटेवर ठसे होते, पण ते सगळे सायकलींचे आणि कुत्र्यांचे. हरवायची काही सोयच नव्हती. मी एका ओंडक्यावर बसून चक्क रडले. मंदारला वाटलं थंडी वाजतेय, त्याने आपली टोपी माझ्या डोक्यावर घातली.

मग एक दिवस गावातल्या मोफत वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकात जाहिरात दिसली. जंगल समजणारी, इंग्रजी बोलणारी व्यक्ती हवी. शिकार हा शब्द खाली बारीक अक्षरात होता, पण तो मी वाचला होता. वाचूनच गेले. मला जंगलाबद्दल बोलायचं होतं, कुणाशीही, कुठल्याही निमित्ताने. तहान लागली की माणूस विहीर कुणाची ते विचारत नाही.

धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते. हॉलंड छोटा देश, इंच इंच जमीन मोजलेली. रानडुक्कर आणि हरीण काही ठिकाणी, हिंस्र म्हणाल तर कोल्हा. ज्याला मोठं जनावर हवं तो बाहेर जातो. रानडुकरासाठी पोलंड, अस्वलासाठी रुमानिया किंवा स्वीडन, आणि मूस नावाच्या घोड्याहून उंच हरणासाठी पुन्हा स्वीडन. तिथे सरकार ठरवतं की या हंगामात एवढीच जनावरं. तेवढी झाली की त्या मुलखातली शिकार बंद, मग तुम्ही विमानातून उतरत असा नाहीतर मचाणावर चढत असा. आम्ही स्थानिक वाटाड्या, बंदुकीचे परवाने, राहण्याची खोली, कुत्रे या सगळ्याची जुळणी करायचो. म्हणजे आम्ही जनावर विकत नसू, संधी विकत असू. काही माणसांना हा फरक शेवटपर्यंत कळत नसे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका गृहस्थांना अस्वल हवं होतं, पण फार मोठं नको, कारण त्यांच्या दिवाणखान्याचं छत बुटकं होतं. एक बाई नवऱ्याच्या वाढदिवसाला मूसची सहल घ्यायला आल्या. सगळं ठरल्यावर हळूच म्हणाल्या, "आठवड्याऐवजी दोन आठवडे नाही का ठेवता येणार त्याला तिकडे?" स्वीडनमधली आमची वाटाडी लेना तर निघणाऱ्या शिकाऱ्याला तोंडावर सांगायची की तुझी शिकार साफ फसो. तिथली रीतच तशी, चांगलं चिंतलं की दृष्ट लागते. मला मात्र चांगलंही चिंतता यायचं नाही आणि वाईटही. मी प्रत्येकाला एवढंच म्हणायचे, "सुखरूप परत या." गिऱ्हाइकांना वाटायचं मी त्यांच्याबद्दल बोलतेय. तेही होतंच म्हणा त्यात.

आता बाबांकडे येते, कारण त्यांना टाळून ही नोकरी सांगता येणार नाही.

माझे वडील वनखात्यात रेंजर होते. सगळी नोकरी चंद्रपूरच्या जंगलांत. चोरटी शिकार करणाऱ्यांच्या मागे त्यांनी आयुष्य घालवलं, एकदा हातावर कुऱ्हाडीचा घाव घेतला. मला ठसे वाचायला त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर गुडघे गेले आणि आई-बाबा नागपुरात रिंग रोडजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या.

नोकरी लागल्यावर मी रविवारच्या फोनवर त्यांना सगळं सांगितलं. लपवण्याचा माझा स्वभाव नाही आणि लपवलं असतं तर ते त्यांनी माझ्या आवाजावरूनच वाचलं असतं. ते म्हणाले, "कोणत्या जनावराची शिकार?" मी म्हटलं, "अस्वल, मूस, रानडुक्कर." पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग आईचा आवाज आला, "हां बोल गं, भाजी काय केली आज?"

त्या रविवारपासून बाबा फोनवर आले नाहीत. मी फोन केला की आई सांगायची, ते आंघोळीला गेलेत. पुढच्या रविवारी परत आंघोळीला. मग पेपर आणायला. मग पुन्हा आंघोळीला. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, एवढ्या आंघोळी तर कुंभमेळ्यातही होत नाहीत." आई हसली आणि पुन्हा भाजीचं विचारायला लागली. दिवाळी अशीच गेली, माझा वाढदिवस असाच गेला. ऑफिसात मी दिवसभर अनोळखी माणसांना जंगल सांगायचे: भूर्जाची झाडं कशी पांढरी दिसतात, शेवाळावर पाऊल कसं बुडतं, अस्वल ब्लूबेरीच्या झुडपांत बसून कसं चरतं. यातलं काही मी पाहिलेलं नव्हतं. लेनाला विचारून आणि फोटो बघून, बाकी आमच्या चंद्रपूरचं मिसळून सांगायचे. आणि ज्याला सांगावं असं मनापासून वाटायचं तो एकटा माणूस रविवारी आंघोळीला गेलेला असायचा. त्या वर्षी मला घराची आठवण यायची म्हणजे आंब्याची, पावसाची नाही यायची. बाबा "बोल बेटा" म्हणायचे त्या दोन शब्दांची यायची.

दुसऱ्या वर्षीच्या अस्वलांच्या हंगामात, ऑगस्ट सरता सरता, रूड नावाचं गिऱ्हाईक स्वीडनला गेलं. टिलबर्गमध्ये त्याची ट्रकची मोठी कंपनी होती. घड्याळाचा माणूस. मूस दोनदा करून आला होता, आता अस्वल. जाण्याआधी मी त्याला नेहमीची टेप ऐकवली, हमी नाही वगैरे. तो म्हणाला, "मीनल, माझे ट्रक ठरल्या वेळेला पोचतात."

परतीच्या दिवशी सकाळी लेनाचा फोन आला. रूडने पहाटे गोळी झाडली होती. अस्वल पडलं नाही, पळालं. जागेवर थोडे केस आणि रक्ताचे थेंब. लेनाने कुत्रा लावला, पण दलदलीपाशी माग तुटला. आता दुसरा, अनुभवी कुत्रा लांबच्या गावाहून येतोय, दुपारनंतर पोचेल. संध्याकाळनंतर पाऊस आहे, पाऊस आला की माग गेलाच.

"आणि रूड?" मी विचारलं.

"तो सामान भरतोय," लेना म्हणाली. "म्हणतो नेम चुकला, नुसतं खरचटलं. मला तो इथे हवाय. जनावर कुठे उभं होतं, गोळी लागल्यावर कसं वळलं, हे त्यानेच पाहिलंय. तो नसेल तर मी आंधळ्यासारखी फिरणार."

विल्यम त्या दिवशी पोलंडला गेले होते, त्यांचा फोन लागेना. मी रूडला फोन केला. तो शांतपणे म्हणाला की सोमवारी त्याला ऑफिसात हजर राहायचंय, विमान आजच संध्याकाळचं आहे, आणि शोधायचं काम वाटाड्याचं असतं. आमच्या करारात तसं लिहिलेलंही होतं. मी आणखी दोन वाक्यं बोलले तेव्हा त्याने टॅक्सी आलीय म्हणून फोन ठेवला.

मी टेबलाशी बसून राहिले. समोरच्या भिंतीवर आमचंच पोस्टर होतं, धुक्यातलं जंगल आणि त्यात एक अस्वल, खाली आमचा नंबर. कुठेतरी दलदलीत एक जखमी जीव पडलाय आणि तो नंबर माझ्या टेबलावर वाजतो, असं मला वाटलं. काही सुचेना म्हणून मी घरी, नागपूरला फोन लावला. रविवार नव्हता. आईने घाबरूनच उचलला.

मी रडत रडत सगळं सांगितलं. आईला काही कळत होतं, काही नव्हतं. ती माझं एकेक वाक्य मोठ्याने परत म्हणत होती. "अस्वलाला गोळी लागली? ... आणि ते पळालं? ... आणि तो माणूस निघून चालला?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि रिसीव्हर कुणीतरी ओढून घेतला.

"मारणारा कुठे आहे?"

वर्ष होऊन गेलं होतं तो आवाज ऐकून. मी म्हटलं, "बाबा..."

"रडून नको राहू. मारणारा कुठे आहे?"

"टॅक्सीत. विमानतळावर चाललाय."

"परत आण त्याले. कोणत्याही परिस्थितीत आण. जनावर घायाळ करून कोणी घरी जेवायला जात असते काय?" बाबा एरवी प्रमाण मराठी बोलत. संताप आला की त्यांच्या जिभेवर नागपूर यायचं. "सापडलं की मले फोन कर. मी इथंच बसतो."

रूडच्या मोबाईलवर मी पुन्हा फोन लावला. त्याने उचलला तो वैतागूनच. मी काही ठरवलेलं नव्हतं. जे होतं तेच तोंडातून निघालं. म्हटलं, "माझे वडील जंगलात अधिकारी होते. ते भारतात फोनपाशी बसलेत. अस्वल सापडलं का, हे मला त्यांना सांगायचंय. तुम्ही निघून गेलात हे मी त्यांना सांगू शकत नाही."

"तुझ्या वडिलांचा काय संबंध?"

"काही नाही. ते बसलेत एवढंच."

"फोनपाशी?"

"हो."

टॅक्सीत स्वीडिश रेडिओ चालू होता. मग रूड ड्रायव्हरशी इंग्रजीत काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, "तुझ्या वडिलांना किती वाजेपर्यंत थांबता येतं?" मी म्हटलं, त्यांना दुसरं काही काम नाही. तो म्हणाला, "मला आहे. पण ठीक आहे."

तो माणूस परत गेला. जिथे अस्वल उभं होतं तिथे जाऊन उभा राहिला आणि लेनाला त्याने खरं सांगितलं, की जनावर पुढच्या पायावर खचलं होतं आणि कुबड काढून डावीकडच्या ओढ्याकडे गेलं होतं. हे आधी का नाही सांगितलं, असं लेनाने विचारलं नाही. नवा कुत्रा तिथून निघाला. अंधारायच्या आत, पावसाचे पहिले थेंब पडत असताना, एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली अस्वल सापडलं. जिवंत होतं. लेनाने जवळून गोळी घातली.

मग रूडने तिथल्या स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची एक छोटी डहाळी मोडली आणि अस्वलाच्या तोंडात ठेवली. ही हॉलंड-जर्मनीकडच्या जुन्या शिकाऱ्यांची रीत, मेलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायचा. मी तिच्याबद्दल माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, पण लिहिताना माझ्या मनात काही हललं नव्हतं. रूड फोनवर सांगत होता आणि त्याचा आवाज घड्याळाच्या माणसाचा नव्हता. म्हणाला, "मी टोपी काढून तिथे उभा होतो. वडिलांना सांग."

नागपूरला घंटी पुरती वाजलीही नाही.

"सापडलं?"

"सापडलं, बाबा."

"जिवंत?"

"होतं. आता नाही."

"सुटलं बिचारं," ते म्हणाले. मी त्यांना डहाळीचं सांगितलं. ते म्हणाले, "आपण तुळशीचं पान ठेवतो तसंच म्हणायचं. चांगलं केलं त्यानं."

फोन ठेवायची वेळ झाली होती, पण दोघांपैकी कुणी ठेवत नव्हतं. शेवटी मीच धीर केला. म्हटलं, "बाबा, मी ही नोकरी घेतली म्हणून तुम्ही एवढे रागावलात ना?"

"रागावलो तर होतोच," ते म्हणाले. "पहिले दोन महिने." मग पुढे, "त्यानंतर राग नव्हता. तू दिवसभर लोकांना जंगल सांगते, आई सांगायची मला. बर्फातलं जंगल, तळ्यातलं जंगल. आणि मी इथं बाल्कनीत कबुतरं मोजून राहिलो. मले नाही सांगितलं एकदाही."

"तुम्ही फोनवर येतच नव्हता!"

"हो ना," बाबा म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं येणार होतो?"

मी हसले आणि रडलेही. मग त्यांनी विचारलं, "कसं आहे ते जंगल?" तोंडावर आलेली सगळी सरावाची वाक्यं, पांढरी भूर्ज, बुडणारं शेवाळ, मला एकदम खोटी वाटायला लागली. मी म्हटलं, "बाबा, मी पाहिलेलंच नाही. मी नुसती टेबलावर बसून सांगते."

"मग पाहून ये," ते म्हणाले. "रेंजरची पोर अन् न पाहता रिपोर्ट देते!"

पुढच्या जूनमध्ये, शिकारीचा हंगाम नसताना, विल्यमनी मला लेनाकडे पाठवलं. कारण म्हणून त्यांनी 'जागेची पाहणी' असं काहीतरी सांगितलं, पण त्यांना खरं कारण माहीत होतं. पहिल्या सकाळी लेना मला एका टेकाडावर सोडून गेली. खाली क्षितिजापर्यंत जंगल, रांगेतलं नव्हे, आडवंतिडवं, पडलेलं, उगवलेलं. पाटी एकही नाही. ओलसर मातीत मला अस्वलाच्या पंजाचा ठसा दिसला, आयुष्यात पहिल्यांदाच असला, माझ्या दोन हातांएवढा. मी गुडघ्यावर बसले आणि बोटांनी त्याची कड चाचपली. हे पाहायला ज्याने मला शिकवलं तो माणूस दोन मजले उतरून दुधाच्या केंद्रापर्यंतही जाऊ शकत नव्हता.

टेकाडावर मोबाईलला रेंज होती. मी नागपूर लावलं.

"बोल बेटा."

मी बोलायला लागले. ठसा कुठल्या पायाचा, नखं किती लांब, माती किती खोल दबलीय, चाल कशी, काल संध्याकाळचा असावा. बाबा मध्येमध्ये विचारत होते. मागचा पाय पुढच्यावर पडलाय की बाजूला? मादी असेल तर सोबत छोटे ठसे बघ. मी बघितले, होते. सांगितलं. ते "वा!" म्हणाले, लहान मूल म्हणतं तसं.

मग सांगायचं संपलं. मी म्हटलं, "थांबा," आणि फोन कानापासून काढून जंगलाकडे धरला. तिथे ऐकण्यासारखं फारसं काही नव्हतं. वारा होता. लांब एखादा सुतारपक्षी असावा, तो फोनमधून पोचला असेल असं मला वाटत नाही. हात दुखायला लागला तेव्हा मी फोन परत कानाला लावला.

"बाबा, काही ऐकू आलं?"

"नाही."

"मग ठेवू का?"

"नको," बाबा म्हणाले. "धर अजून थोडा वेळ."